लांब बाह्यांचं पोलकं

"हाई गोट कोनलेच खरी वाटाव नही," उखर्डूआबांनी मांडी ठोकून सुरुवात केली आणि ओट्यावरची मंडळी सरसावून बसली.

आबांची प्रत्येक गोष्ट याच वाक्यानं सुरू व्हायची आणि ठरल्या जागी संपायची. आतून त्यांची बायको मंजुळाबाई "खोटं" म्हणाली की संपली. केळीचा एक घड दोन बैलगाड्यांवर लादला, इथपर्यंत ती चालू द्यायची. घडाखाली दबून मेलेला बैल आबांनी केळं चारून उठवला, इथं गोष्ट आली की आतून "खोटं". मग हसणं, मग चहा. पारोळ्याच्या या अंगाला हा खेळ सगळ्यांना ठाऊक होता.

आजचं निमित्त पेढे. राजस्थानच्या वाळवंटात आपण अणुबाँब फोडून पाहिले, असं काल बातम्यांत सांगितलं आणि शेजारचा चुडामण सकाळीच बाजारातून दोन किलो पेढे घेऊन आला. "एक टाका, का बठ्ठं शहर साफ," वाटताना तो ज्याला त्याला सांगत होता. आबांनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. हातात धरूनच गोष्ट सुरू केली.

मंजुळाबाई उंबऱ्याच्या आत बसून जुन्या लुगड्यावर वाळलेल्या ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या सोडवत होती. मे महिना, वरचा पत्रा तापून कडकड वाजत होता, आणि हिच्या अंगात मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं. त्यावरूनही गाव हसायचं. सोळाव्या वर्षी ती या घरात आली तेव्हा दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत फुलं गोंदलेली होती. पलटणीतून सुटून आलेल्या नवऱ्यानं ती पाहिली आणि तोंड फिरवलं. "झाकी ले ते," एवढंच म्हणाला. पन्नास वर्षं तिनं झाकली. पुढं पोरींनाही आबांनी गोंदू दिलं नाही. गोंदणारीण गल्लीत आली की दाराला कडी घालायचे. आपला हातच या माणसाला आवडला नाही, हे तिनं मनाशी धरून ठेवलं होतं. का, ते कधी विचारलं नव्हतं.

पलटणीच्या गोष्टी आबा पलटणीतल्या मराठीत सांगत.

"लढाई संपल्यावर आम्हाला जपानात पहाऱ्याला नेलं. हिरोशिमाच्या बाजूला. तिथं गाव नव्हतंच. पारोळ्याचा किल्ला उचलून न्यावा, बाजारपेठ उचलून न्यावी आणि खालची माती झाडून घ्यावी, तसं."

चुडामण हसला. सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. आतून काही आलं नाही.

"अक्का झोपी गयी का काय?" तो म्हणाला.

"छावणीत कपडे धुवायला एक पोर यायची," आबा पुढं सांगू लागले. "पंधरा-सोळाची असेल. बाह्या वर केल्या की हातभर फुलं. मला वाटलं, गोंदण. म्हटलं, एवढ्या लांब येऊन पाहावं तर इथंही आपल्यासारखंच. मी माझ्या हातावर गोंदलेलं नाव दाखवलं आणि विचारलं, तुझं कोणी गोंदलं, बेस गोंदलंय. हसलो पण." त्यांनी पेढा या हातातून त्या हातात घेतला. "आमचा दुभाष्या हसला नाही. म्हणाला, ते गोंदण नाही. बाँब पडला त्या दिवशी तिच्या अंगात पांढरा झगा होता. त्याच्यावर काळी फुलं."

"मंग?" कोपऱ्यातला जीवराम म्हणाला.

"तू उन्हाळ्यात पांढरं का घालतोस रे?"

"काळं तपस ना, आबा."

"तेच. आभाळातून एक लखलखाट झाला. पांढऱ्यानं परतवला, काळ्यानं घेतला. झग्यावर जिथं फूल होतं तिथं कातडीवर फूल जळलं. पाकळी न पाकळी."

मंडळी पुन्हा दाराकडे बघू लागली. आता तिनं "खोटं" म्हणावंच म्हणून. मंजुळाबाईच्या हातात बिबडी उलटी झाली होती. बिबडीच्या पाठीवर लुगड्याच्या काठाची नक्षी उमटली होती. तिनं त्या नक्षीवरून बोट फिरवलं.

"आई शेजारीच उभी होती तिची," आबा म्हणाले. "आईचं वस्त्र सबंध काळं."

चुडामणनं पेढ्यांच्या खोक्यावर झाकण ठेवलं. मग त्यानंच विचारलं, "आनि ती पोर?"

आबांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग एकदम मांडी ठोकली.

"ती? ती बरी झाली ना. पलटणीच्या डॉक्टरनं लोणी चोपडलं, पावसाळा लागायच्या आत फुलं पुसली गेली. लगीन झालं तिचं. वरातीला घोडा मिळेना, तर नवरदेवाला मीच खांद्यावर घेतला आणि छावणीभर नाचलो."

जीवरामनं सुस्कारा सोडला. कोणीतरी हसलं. नेहमीचे आबा परत आले होते.

"खोटं."

मंजुळाबाई उंबरा ओलांडून ओट्यावर आली होती. चार पुरुषांत ती अशी कधी आली नव्हती. तिनं मनगटावरचं बटण सोडलं आणि बाही कोपरापर्यंत वर सारली. पन्नास वर्षं ऊन न लागलेला हात, आणि त्यावर हिरवी फुलं, कालच गोंदल्यासारखी.

"ती बरी व्हयनी व्हती, मंग मन्हा हात का बरं झाकाले लावा तुम्ही?"

आबा उठले. पेढा ओट्यावर ठेवला. भरल्या ओट्यावर, सगळ्यांच्या देखत, त्यांनी तिची बाही हळूहळू खाली ओढली आणि मनगटाचं बटण लावू लागले.

बटण काही लागेना.