गुडघे बघण्याचा कार्यक्रम

पासष्टीचे दिगंबरराव पोंक्षे बोटीमागे दोराने ओढल्या जाणाऱ्या वेकबोर्डवरून उंच उडाले आणि धरणाच्या पाण्यावर धाडकन आदळले. त्यांना फारसं काही झालं नाही. काठावर चाकाच्या खुर्चीत बसलेल्या सुलभाताईंचा गुडघा मात्र कटकन वाजला.

"आदळले वाटतं," त्या सवयीने म्हणाल्या.

एकाच्या सांध्यांची झीज दुसऱ्याकडे वळवणारी चकती दोघांच्याही गुडघ्यांत बसवलेली होती. त्यामुळे दिगंबररावांना तिशीतले गुडघे मिळाले आणि सुलभाताईंना खुर्ची. बाहेर संधिवात सांगायचं ठरलं होतं.

दिगंबरराव निथळत आले आणि बायकोच्या कानाशी वाकले. "व्यायाम कर म्हणून किती सांगितलं तुला! आता तुझ्यात काही उरलं नाही. आजचा झटका थोडा मलाही लागला."

मग ते ऋजुताकडे वळले. तिला मुलासाठी बघायला बोलावलं होतं. पोहे खाऊन झाले होते.

"बाळ, जरा चालून दाखव बघू."

ती उठली, तशी सुलभाताईंनी तिची ओढणी ओढली आणि त्या कुजबुजल्या, "लंगडत चाल गं. ऐक माझं."

सासवा पहिल्याच भेटीत डाव टाकतात, असं ऋजुताला आईने बजावून पाठवलं होतं. ती गोड हसली, ताठ मानेने धक्क्यापर्यंत चालत गेली आणि येताना चक्क धावत आली.

"पसंत!" म्हणत दिगंबररावांनी बोटवाल्याला हाक मारली. "लग्न उरकलं की मला ती हवेतली कोलांटी शिकव रे."