उलटी पोती

मलकपेटच्या कांदाबाजारात हणमंतरावांनी उतरवलेली पोती उलटी करून भरलेली होती. शेतकरी मंडळाचा निळा शिक्का आत लपला होता. माल सगळ्यांनी एकत्रच विकायचा, अशी शपथ अध्यक्ष म्हणून त्यांनीच गावाला घातली होती. पण अडत्याचा गुपचूप निरोप आला, “आता बाजार खुला झालाय. एकटे या, भाव जास्त देतो.” तोच अडत्या आज पोत्यावर थाप मारून हसला; गावच्या पुढाऱ्याला तो पटेल म्हणे. “क्या पटेल, तुम बी? सुबू से तुम्हारे गाँव के बोरे उल्टेच आ रे! इत्ते माल को भाव कहाँ से लाऊँ?” भिंतीलगत गावाच्या पोत्यांची थप्पी लागली होती; एकावरही शिक्का दिसत नव्हता. ती पाहून हणमंतरावांना आधी हायसं वाटलं. फुटलेले आपण एकटेच नव्हतो. मग त्या हायसं वाटण्याचीच इतकी लाज वाटली, की त्यांनी भावसुद्धा विचारला नाही.