अश्विनचं पाणी

सात ग्रॅम जिप्सम तोलून प्रफुल्लने ते पातेल्यातल्या गार पाण्यात सोडलं. मग दोन ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड. पांढरी पूड तळाशी बसायला लागली, तसा तो ढवळत राहिला.

गंगापूर रोडच्या फ्लॅटच्या गॅलरीत घरी बनवलेल्या बिअरची ही चोविसावी खेप. माल्ट तेच, हॉप्स तेच. बदलायचं ते फक्त पाणी. आरओच्या पाण्याला स्वतःची चव नसते. त्यात कोणता क्षार किती घालावा, त्यावर बिअरचा कडवटपणा ठरतो. जिप्समने तो धारदार होतो, कॅल्शियम क्लोराइडने मऊ. त्याच्या मित्राला, अश्विनला, हे प्रमाण साधलं होतं. त्याची बिअर जिभेला कडू लागायची आणि गिळली की तोंड एकदम कोरडं, स्वच्छ.

अश्विनला जाऊन चार वर्षं झाली होती. त्या रविवारी सकाळी त्याचा फोन आला होता. "चल धरणावर, पोहून येऊ."

"तू हो पुढे," प्रफुल्ल म्हणाला होता. "माझे क्षार तोलायचे राहिलेत."

संध्याकाळी धरणाच्या काठावर अश्विनचे कपडे, चपला आणि घड्याळ सापडलं. पाणबुड्यांनी तीन दिवस शोधलं. देह मिळाला नाही.

तेव्हापासून क्षार तोलायचा काटा बाहेर काढला की प्रफुल्लला पाठीमागे कोणी उभं असल्यासारखं वाटे. भर दुपारी, उन्हात. ओल्या अंगाचा गारवा मानेला लागे. वळून पाहावं तर दोरीवर वाळत घातलेले कपडे. "बंद कर आता हे," असं त्याची बायको निकिता म्हणायची. त्याला ते जमत नव्हतं. ती चव एकदा साधली की मागे उभा असलेला निघून जाईल, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

प्रत्येक खेपेची पहिली बाटली तो तेजलकडे न्यायचा. ती अश्विनची बायको. शाळेत शिकवायची, एकटी राहायची. एक घोट घेऊन ती ग्लास खाली ठेवायची.

"नाही, भाऊजी. ही ती नाही."

"त्याची वही मिळाली असती तर, वहिनी. सगळी मापं होती तिच्यात."

"अख्खं घर शोधलं मी. नाही सापडली." मग ती हळूच म्हणायची, "किती छळणार स्वतःला? तुमचा काही दोष नव्हता."

त्या एका वाक्यावर तो आठवडाभर शांत झोपायचा. मग पुन्हा काटा काढायचा.

यंदा हौशी ब्रूअर मंडळींनी एका फार्महाउसवर स्पर्धा ठेवली आणि प्रफुल्लला परीक्षक केलं. बाटल्यांवर नावं नव्हती, नुसते आकडे. अकरा नंबरचा ग्लास त्याने तोंडाला लावला आणि त्याचा हात तिथेच थांबला. तीच चव. मानेला गारवा लागला.

"ही कोणाची?" त्याने विचारलं.

"निकालाआधी नाव सांगता येणार नाही, सर. कुरिअरने आलीये," असं म्हणून व्यवस्था पाहणाऱ्या सुवर्णाने सोबतचा टाइप केलेला कागद पुढे केला. जिप्सम नऊ ग्रॅम. कॅल्शियम क्लोराइड तीन. सैंधव एक चिमूट.

सैंधव. चार वर्षांत हे त्याला सुचलं नव्हतं.

म्हणजे वही कोणाच्या तरी हाती लागली होती. कदाचित त्याच दिवशी, धरणाच्या काठावर. अश्विनला शेवटचं पाहणारं कोणीतरी होतं. उरलेल्या बाटलीला बूच लावून प्रफुल्ल थेट तेजलकडे गेला.

ती वर्गाचे पेपर तपासत होती. त्याने ग्लास भरून तिच्यापुढे ठेवला.

"स्पर्धेत आली, वहिनी. कोणी पाठवली ते कळलेलं नाही. चव बघा."

तिने घोट घेतला. तिचा चेहरा उतरला. तिला उगाच त्रास दिला, असं प्रफुल्लला वाटलं.

"हीच ना?" त्याने विचारलं.

तिने होकारार्थी मान हलवली.

"मग पोलिसांकडे जाऊ. ज्याने पाठवली त्याच्याकडे त्याची वही आहे. त्या दिवशी काय झालं ते त्याला ठाऊक असणार."

तेजल उठली. दार पूर्ण लागलंय ना, ते तिने पाहिलं आणि परत येऊन त्याच्यासमोर बसली.

"पोलिसांकडे नको, भाऊजी," ती म्हणाली. "किती वेळा सांगितलं होतं मी अश्विनला, स्पर्धेला बाटली पाठवू नकोस म्हणून."