अन्वयाची जीभ सुटली

चार वर्षांच्या अन्वयाची जीभ खालच्या पातळ पडद्याने जखडलेली होती. तिचं बोबडं बोलणं घरात फक्त आजोबांना कळायचं.

"आजोबांनी जियेबी खाय्यी," बागेतून आल्यावर ती सांगायची.

"झेंडू फुललाय म्हणतेय," मधुमेही आजोबा आजीला समजावायचे.

डॉक्टरांनी तो पडदा कापला. महिनाभर जिभेचे व्यायाम झाले आणि एका संध्याकाळी अन्वया स्वच्छ म्हणाली, "आजी, आजोबा रोज जिलेबी खातात!"

आजी कमरेवर हात ठेवून आजोबांसमोर उभी राहिली. "किती दिवस चाललंय हे?" आजोबांची मान खाली गेली.

"आणि आजी स्वयंपाकघरात लपून लोणचं खाते," अन्वयाने उत्साहाने भर घातली.

रक्तदाबामुळे लोणचं बंद असलेल्या आजीचे हात कमरेवरून गळाले.

"बाळा, जिभेला आता जरा विश्रांती दे हं," दोघंही एकदमच म्हणाले.