घरचं आणि बाहेरचं

डिसेंबरातील एका सोमवारी, सकाळी साडेदहा वाजता, रत्नागिरी शहरातील मूत्रपिंडविकारांच्या एका दवाखान्यात, नाटे गावचा मच्छीमार गुणाजी आणि त्याची थोरली बहीण भागूबाई डॉक्टर योगिनी यांच्यासमोर बसली होती. तीन महिन्यांपूर्वी भागूबाईचे डावे मूत्रपिंड गुणाजीच्या शरीरात बसवण्यात आले होते. गेल्या आठवड्यात त्याच्या रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचे टाकाऊ द्रव्य, दुपटीवर गेले, म्हणून त्या मूत्रपिंडाचा बारीक तुकडा मुंबईला तपासायला धाडला होता. त्याचा अहवाल आता टेबलावर होता.

"शरीर मूत्रपिंड नाकारतंय," डॉक्टर म्हणाल्या.

भागूबाईचा हात पदराखालच्या व्रणाकडे गेला. "सख्ख्या बहिनीची किडनी हाय ती, मॅडम."

"सख्खेपण निम्मंच जुळलं, भागूबाई. प्रत्येक पेशीवर ओळखीच्या खुणा असतात, काही आईकडून आलेल्या, काही बापाकडून. भावंडांत कधी सगळ्या जुळतात, कधी एकही नाही. तुमच्या दोघांच्या निम्म्या. उरलेल्या निम्म्या त्याच्या पांढऱ्या पेशींना परक्या. गोळ्या त्या पेशींना गुंगीत ठेवतात. त्या जाग्या झाल्या आणि मूत्रपिंडात शिरल्या."

"गोळ्या घड्याळ लावून देतंय मी."

"ते रक्तात दिसतंय, मात्रा पुरेशी आहे. म्हणून तर विचारते." डॉक्टर गुणाजीकडे वळल्या. "बाहेरचं काही घेता?"

"बाहेरचा? चाय पन नाय," गुणाजी म्हणाला. "ही घेव देईल तर ना. सगळा घरचा."

'बाहेरचं' या शब्दाचा डॉक्टरांच्या मनातला अर्थ, म्हणजे त्यांनी लिहून न दिलेले कोणतेही औषध, भागूबाईला कळला. गुणाजीला तो कळलेला नाही, हेही कळले. परसातल्या आंब्यावर चढलेली गुळवेल त्याच्या लेखी बाहेरची कशी असेल? दिवाळीपासून रोज सकाळी तिचा काढा भागूबाईच करीत होती. इस्पितळातून घरी सोडताना दिलेल्या कागदावर 'प्रतिकारशक्ती कमी राहील' असे लिहिले होते. कमी आहे ते भरून काढावे, एवढाच त्या वाक्याचा अर्थ तिने लावला होता. कडू म्हणून गुणाजी तोंड वाकडे करी, तेव्हा पेला रिता होईपर्यंत ती समोर उभी राही.

डॉक्टरांचे पेन 'इतर औषधे' या रकान्यापाशी आले. गप्प राहणे सोपे होते; उद्यापासून काढा बंद केला असता, तर कोणाला कळले असते? भावाने मात्र आयुष्यभर तिचे उपकारच मानले असते. रकान्यात 'नाही'मधला 'ना' उमटला.

"लिहू नका," भागूबाई म्हणाली. "काढा देतंय मी. गुळवेलीचा. ताकद येवंदे म्हनून."

पेन थांबले. गुणाजी बहिणीकडे वळला. मग हळू म्हणाला, "म्हंजे बाय, किडनी तुझी, नि तिच्यावर जागे करून सोडलेले गडीपन तुझेच."

ती हसली नाही. "मॅडम, माझ्यामुळं झाला?"

डॉक्टरांनी अर्धवट शब्दावर काट मारली. "प्रतिकारशक्ती आम्ही मुद्दाम कमी ठेवतो, गुळवेल ती वाढवू शकते. काढ्यानेच झालं, हे मला सिद्ध करता येणार नाही. काढ्याने झालं नाही, असंही मी म्हणणार नाही. तो आजपासून बंद. तीन दिवस शिरेतून इंजेक्शनं देऊ, चौथ्या दिवशी रक्त बघू."

"पन किडनी गेली का?"

डॉक्टरांनी अहवालाचे शेवटचे पान पुन्हा एकदा वाचले. भागूबाई त्यांच्या ओठांकडे पाहत होती.

"गेलेली नाही," त्या म्हणाल्या. "राहील, असं मी म्हटलेलं नाही."