धाकटीचे गुडघे

"तुम्हाला गोळी लागू पडत नाही," अक्षता म्हणाली. सकाळपासून हे वाक्य ती इतक्यांदा बोलली होती की आता तोंड आपोआप चालत होतं.

समोर कुरुंदवाडच्या दोघी जावा बसल्या होत्या. दोघींचीही गुडघेदुखी, दोघींना गोळीही एकच. थोरली बयाबाई जिना भराभर चढून आली होती. धाकटी चिमणाबाई कठडा धरत मागून पोचली. गोळी लागू पडत नव्हती ती हिलाच.

अक्षता डॉक्टर नव्हती. कोल्हापुरातल्या या दवाखान्यात ती आकडेमोड करायची. शेकडो रुग्णांची माहिती कॉम्प्युटरमध्ये घालून कुणाला गोळी पुरेल आणि कुणाला ऑपरेशनच लागेल, याचा नियम तिनं बसवला होता. डॉक्टरांना वेळ नसला की निरोप सांगायचं कामही तिच्याच गळ्यात पडायचं.

नियमात एक गोष्ट विचित्र होती. मोठ्या खटल्यातल्या धाकट्या सुनांना गोळीचा गुणच येत नव्हता. कामानं झिजत असतील बिचाऱ्या, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. कारण शोधायचं त्राण अक्षतातही उरलं नव्हतं.

"गोळ्या रोज घेत होता ना?"

"ही बघा की." चिमणाबाईनं रिकामी पाकिटं टेबलावर ठेवली. "एक बी शिल्लक न्हाय."

"मग सोमवारी ऑपरेशन. दोन्ही गुडघ्यांचं."

चिमणाबाईचा चेहरा उतरला. "कापायचंच व्हय? मला लई भ्या वाटतंय ओ म्याडम. आन् म्हशी कोण बघणार?"

"मी हाय की," बयाबाई म्हणाली.

अक्षतानं चहा मागवला. चिमणाबाईनं पहिला कप थोरलीपुढं सरकवला आणि तिनं घोट घेतल्यावरच आपला उचलला. मग ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

"एस.टी. चुकंल," म्हणत बयाबाई उठली आणि तरातरा जिना उतरून गेली.

चिमणाबाई दारात रेंगाळली. अक्षताला तिची फार दया आली. पण दया येऊन आकडा थोडाच बदलतो?

"अजून काही?"

"गुडघ्याचं काय करायचं ते करा," चिमणाबाई हळूच म्हणाली, "पन माझ्या वाटणीच्या गोळ्या तेवढ्या बंद करू नका. जाऊबाईस्नी एकीच्या पुरत न्हाईत. माझ्याबी द्यायला लागल्यापास्नं बघा की, कशा जिनं चढत्यात."