जिन्यातली उशी
सातासमुद्रापलीकडच्या ऑफिसची, रात्री घरूनच काम करून दिवसा झोपायची नोकरी आपल्याला मानवते का, हे तिला आज कळवायचं होतं. साहेब तर खूशच होते. “तुमच्या घरी किती शांतता असते!” “सवय लावलीय सगळ्यांना,” ती तोऱ्यात म्हणाली होती. भर दुपारी तहानेनं जाग आली, तर बाबा घरात नव्हते. तिनं दार उघडलं. जिन्यात बसून, तोंडावर उशी दाबून ते खोकत होते. “लेकीला नोकरी आणि बापाला वनवास!” समोरच्या दारातून शेजारणीनं टोमणा मारलाच. लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लिलाव पुकारताना अख्खा बाजार दणाणून सोडणारे बाबा उशीआडून कुजबुजले, “झोपमोड झाली का गं? उद्यापासून खाली जाऊन खोकेन.” “नको मला ही नोकरी. मोठ्यानं बोला, बाबा!” बाबांनी छाती भरून श्वास घेतला आणि ते कुजबुजले, “बरं.”